आल्यावर म्हणतो

संघदीपच्या कादंबरीचं नाव होतं 'वेटोळं', आणि पांढरकवड्यात तिच्या पहिल्या तीन प्रती विकत घेतल्या त्या एका सर्पमित्रानं. आठवड्याभरात तो पुस्तक बगलेत मारून परत आला.

"भाऊ, निम्मं पुस्तक झालं. साप कुठी आहे?"

संघदीपनं त्याला शांतपणे समजावलं की हे वेटोळं काळाचं आहे. काळ सरळ जात नाही, फिरून आपल्याच शेपटीला येऊन चिकटतो. सर्पमित्रानं ते नीट ऐकून घेतलं, थोडा विचार केला आणि म्हणाला, "म्हणजे बिनविषारी आहे." प्रती मात्र त्यानं परत केल्या नाहीत. माणूस दिलदार होता.

कादंबरी काळप्रवासाची होती, आणि साधीसुधी नाही, शास्त्रशुद्ध. संघदीप कॉलेजात फिजिक्सच्या प्रयोगशाळेत सहायक होता. नायक डोळे मिटतो आणि शंभर वर्षं मागं पोचतो, असल्या गोष्टींचा त्याला मनापासून राग. त्याच्या पुस्तकात चौदा समीकरणं होती, आकृत्या होत्या, आणि तळटिपा तर इतक्या की खच्चून भरलेल्या काळीपिवळी जीपमध्ये ड्रायव्हरनं दाराला चिकटून अर्धं अंग बाहेर काढून बसावं, तशी गोष्ट पानाच्या वरच्या कोपऱ्यात अंग चोरून बसलेली असायची.

नायकाला नाव नव्हतं. त्याचं नाव 'क्ष'. नाव दिलं की लोक आडनाव विचारतात आणि आडनाव दिलं की पुढचं विचारतात, म्हणून क्ष. तरी एकानं विचारलंच, "क्ष म्हणजे क्षत्रिय का?"

खरं कारण वेगळं होतं. क्ष म्हणजे धम्मरत्न होता, आणि ते नाव लिहायला संघदीपचा हात धजत नव्हता.

धम्मरत्न त्याचा अंगणवाडीपासूनचा दोस्त. मोबाईलचे टॉवर दुरुस्त करायचा. झरी जामणीच्या जंगलात टॉवरवर चढून अख्ख्या गावांना रेंज द्यायचा आणि खाली उतरला की स्वतःच्या फोनला रेंज नाही म्हणून शिव्या घालायचा. हे पुस्तक दोघांनी मिळून लिहायचं ठरलं होतं. त्याची अट एकच होती, "यंत्र असं पायजे बे, का बिघडलं तर आपल्या इथल्या मेकॅनिकले उघडता आलं पायजे." दोन उन्हाळ्यांपूर्वी झरीच्या रस्त्यावर एका वळणाला त्याची मोटरसायकल घसरली. बस्स. त्यात काही शास्त्र नव्हतं, तळटीप द्यावी असंही काही नव्हतं.

तर पुस्तक संघदीपनं एकट्यानं लिहिलं. त्यात क्ष एका सकाळी घरातून निघतो आणि त्या दिवशी सगळं बिघडतं. मग म्हातारा झालेला क्ष यंत्र बनवतो, त्याच सकाळी परत येतो, स्वतःच्याच घराच्या दाराबाहेर उभा राहतो. आतल्या तरुण क्षला थांबवायला आलेला असतो. पण थांबवू शकत नाही. कारण जे घडलं ते घडलं. मागं जाऊन तुम्ही जे कराल तेसुद्धा त्या घडलेल्यात आधीच धरलेलं असतं. चौदाही समीकरणं हेच सांगत होती. म्हातारा नुसता दाराबाहेर उभं राहून ऐकतो, आणि पुस्तक संपतं.

वाचनालय चालवणाऱ्या निशिगंधा मॅडमनी 'वाचक आपल्या भेटीला' असा कार्यक्रम ठेवला. फलकावर घाईत 'वाचक आपल्या पेटीला' असं लिहिलं गेलं होतं, ते कोणी दुरुस्त केलं नाही. सतरंजीवर वीसेक माणसं होती. त्यातली अर्धी पुस्तक वाचून आलेली आणि अर्धी कूलर पाहून आलेली.

आधी फिजिक्सचे एक रिटायर सर उठले. "तिसऱ्या समीकरणात उणे चिन्ह पाहिजे. गोष्टीबद्दल मला काही म्हणायचं नाही. गोष्ट मी वाचत नसतो."

मग हायवेवर टायरचं दुकान असलेला फिरोज. "संघदीपभाई, किताब एक नंबर. बस एक बात बता. तुम्हारा क्ष यंत्र ले के इतना पीछे गया. पंक्चर हुआ तो? उस टाइम पे अपनी दुकान तो छोड़, हायवे भी नई था."

"यंत्राला चाकं नाहीत, फिरोजभाई."

"चाकं नाही?" फिरोज खरोखर खचला. "मग चालते कशावर?"

"वक्रतेवर."

"अरे, तो बोल ना, के टायर घिस के गोटा हो गया है."

एका बाईंनी विचारलं की क्ष लग्न का करत नाही. कॉलेजातल्या एका मुलीनं विचारलं, इतकं मागं गेला आणि नुसता दाराबाहेर उभा राहिला, आत का नाही गेला? संघदीपनं नियम समजावला. मुलगी म्हणाली, "मग फोन करायचा." सगळे हसले. संघदीपही हसला, कारण धम्मरत्न असता तर हाच प्रश्न त्यानं विचारला असता आणि स्वतःच उत्तर दिलं असतं, रेंज नव्हती म्हणून.

तेवढ्यात मागून तुळसाबाई उठल्या.

तुळसाबाई म्हणजे धम्मरत्नची माय. जन्मभर अंगणवाडी चालवली. त्या हॉलमधल्या निम्म्या लोकांचा 'अ' त्यांनीच धरून गिरवलेला होता, संघदीपचासुद्धा. त्यांच्या हातात पुस्तक होतं आणि पुस्तकात खुणेला बसचं तिकीट.

"तुह्या पुस्तकातला क्ष," त्या म्हणाल्या, "थंड पाण्याले फुक मारून पेते."

फ्रिजचं पाणी असो, ताक असो, रसवंतीवरचा रस असो, धम्मरत्न आधी फुंकर घालायचा. लहानपणी दुधानं तोंड पोळलं होतं, तेव्हापासून त्याचा कशावर विश्वास नव्हता. हे पांढरकवड्यात सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त पुस्तकात कोणी ओळखलं नव्हतं. लोक समीकरणं पाहून त्या पानांवरून पुढं गेले होते.

"हो, मावशी," संघदीप म्हणाला.

"बरं केलं लिहिलं." त्यांनी पान उघडलं. "माहा एकच प्रश्न आहे. घरातून निघताना त्याले 'जातो' काहून म्हणू दिलं? आपल्यात कोणी जातो म्हणते का? येतो म्हणावं लागते."

आता ह्या प्रश्नाला संघदीपजवळ उत्तर तयार होतं, हीच मोठी पंचाईत झाली. त्यानं पुस्तक उघडलं आणि ती तळटीप मोठ्यानं वाचली: "'येतो' हा निरोपाचा रूढ प्रयोग दिशेच्या दृष्टीनं अशास्त्रीय असल्यामुळे या ग्रंथात टाळला आहे."

लोक पुन्हा हसले. फिरोज म्हणाला, "बराबर है. जाने वाला जाता है." रिटायर सरांनी पहिल्यांदाच मान डोलावली.

"वाचली मी ते," तुळसाबाई म्हणाल्या. "अक्षर लय बारीक आहे, पण वाचली." आणि खाली बसल्या.

कार्यक्रम संपल्यावर, चहा चालू असताना, त्या त्याच्याजवळ आल्या. "दुसरी आवृत्ती निघन तवा तेवढा एक शब्द बदलशील का, बाप्पा?"

दुसरी आवृत्ती निघणार नव्हती. पहिलीच संघदीपच्या पलंगाखाली मावत नव्हती म्हणून गादीखाली गेली होती, आणि तो आता घरच्यांपेक्षा वीतभर उंचीवर झोपत होता. पण त्याला ते बोलता आलं नाही. तो शास्त्र बोलला.

"मावशी, तो शब्द बदलला का पुस्तकच पडते. शेवटी म्हातारा क्ष दाराबाहेर उभा राहते नं, त्याले आतून 'जातो' ऐकू येते. त्यावरूनच त्याले समजते का आपण बरोबर सकाळी, बरोबर दारात आलो. तिथं 'येतो' केलं तर तो भलत्याच दारात उभा आहे. वेटोळं जुळतच नाही."

"पडू दे नं मग," तुळसाबाई म्हणाल्या. "पुस्तकच तर आहे."

आणि त्यांनी कप खिडकीत ठेवला, पदर सारखा केला आणि गेल्या. जाताना काहीच म्हणाल्या नाहीत. येतेही नाही, जातेही नाही.

आठवडाभर संघदीपनं प्रयोगशाळेच्या फळ्यावर वेटोळं पुन्हा मांडून पाहिलं. 'येतो' धरून. कुठं एखादं चिन्ह बदलून, कुठं दार थोडं सरकवून. जुळलं नाही. पोरं विचारायची, सर, हे परीक्षेला आहे का? तो म्हणायचा, नाही. मग पोरं लिहून घेत नसत.

रविवारी तो तुळसाबाईंच्या घरी गेला.

अंगणात कडुनिंबाखाली धम्मरत्नचे वडील डोमाजी खुर्ची टाकून बसले होते. शाळेत क्लार्क होते, रिटायर झालेले. मांडीवर 'वेटोळं', कानावर पेन्सिल.

"जय भीम, काका."

"जय भीम. ये. पान एकशे बारा. 'वेग'चं 'वेळ' झालं आहे." त्यांनी पान उलटलं. "इथी अनुस्वार उडाला. इथी दोन शब्द चिकटले. छापखान्यावाल्यानं झोपून छापलं काय?"

डोमाजींनी पुस्तक तीनदा वाचलं होतं. एकही अक्षर सोडलं नव्हतं. गोष्टीबद्दल मात्र ते एक शब्द बोलले नाहीत, आणि जिथं क्ष पाणी पितो ते पान त्यांनी इतक्या हळूच उलटलं की जणू खाली कोणी झोपलेलं आहे.

"आणि ते जातो-येतोचं मनावर घेऊ नको," ते म्हणाले. "अंधश्रद्धा आहे ते. ह्या घरात आजवर नारळ फुटला नाही. मांजर आडवी गेली तर मी तिले आधी जाऊ देतो, मोठं माणूस असल्यासारखं."

"अंधश्रद्धा नाही, रीत आहे," आतून तुळसाबाईंचा आवाज आला.

"रीत म्हणजे अंधश्रद्धाच. जुनी झाली का रीत म्हणतात."

"तुम्ही शाळेत निघताना जन्मभर काय म्हणत होते मग?"

डोमाजींनी पेन्सिल कानावरून काढली, पाहिली, पुन्हा कानावर ठेवली. "सवय होती," ते म्हणाले.

तुळसाबाई पाण्याचा तांब्या आणि ग्लास घेऊन बाहेर आल्या, संघदीपला पाणी दिलं आणि पायरीवर बसल्या. मग त्याच म्हणाल्या, "इथीच होती मी त्या दिवशी. भांडे घासत होती. त्यानं तिथं फाटकापाशी किक मारली आणि म्हणे, माय, जातो. मी म्हटलं, जातो नाही म्हणू रे, येतो म्हण. तर हासला. म्हणे, 'आल्यावर म्हणतो.'"

संघदीप हातातल्या ग्लासाकडं पाहत राहिला.

"आल्यावर म्हणतो म्हणे. आल्यावर कोणी येतो म्हणते काय? मले बी हासू आलं. मी बी हासली." त्यांनी पायरीवरचा कडुनिंबाचा पाला बोटानं एकीकडं सारला. "तेच लागते मनाले. गेला त्याचं तर आहेच. पण मी हासत होती. तसाच गेला मंग तो. ते एक म्हणायचं त्याचं राहूनच गेलं."

डोमाजी पानावर काहीतरी शोधत होते.

"आता तू मले सांग," तुळसाबाईंनी मान वर केली, आणि संघदीपच्या लक्षात आलं की त्या दिवशी हॉलमध्ये खरा प्रश्न विचारायचा राहिला होता, तो हा. "इथी आम्ही दोघंच होतो. हे बी तवा घरी नव्हते. मी कोणाले सांगतलं नाही. मंग तुह्या पुस्तकात 'जातो' आलं कुठून? रस्त्यातून त्यानं तुले फोन केलता का? काही बोलला का तो? म्हणाला का, मायनं असं असं म्हटलं?"

हो म्हणणं फार सोपं होतं. एक फोन, दोन मिनिटांचा. वळणाच्या आधी. हासत होता, मावशी, म्हणत होता, घरी गेल्यावर म्हणून टाकतो एकदाचं. कादंबरी लिहिणाऱ्याला एवढं रचायला काय लागतं? पण त्या रस्त्यावर रेंज नव्हती. हे तुळसाबाईंनाही ठाऊक होतं. रेंज द्यायलाच तर तो गेला होता.

"नाही, मावशी," तो म्हणाला. "फोन नव्हता आला. मी ते तळटिपेसाठी लिहिलं."

त्याच्या उभ्या आयुष्यात इतकं खरं आणि इतकं फालतू वाक्य त्यानं दुसरं उच्चारलं नव्हतं.

तुळसाबाईंनी मान हलवली. "अस्सं," म्हणाल्या. डोमाजींची पेन्सिल खाली पडली ती त्यांनी उचलली नाही.

"पुस्तक द्या, काका," संघदीप म्हणाला. "मावशी, मी वाचून दाखवतो. येतो म्हणूनच वाचतो. पडलं तर पडलं पुस्तक."

त्यानं ते पान काढलं. कडुनिंबाखाली, भर दुपारी, शास्त्रशुद्ध कादंबरीचा लेखक बालवाडीतल्या पोरासारखा मोठ्यानं वाचू लागला. क्षनं माठातलं पाणी घेतलं. त्यावर फुंकर घातली. पाणी प्याला. बुटाची नाडी बांधली, ती नेहमीसारखी एकीकडं लांब राहिली. उंबरठ्यावर उभा राहिला, मागं वळून पाहिलं आणि म्हणाला, "येतो."

फाटकाबाहेर एक शेळी कुंपणाच्या वईचा पाला ओरबाडत होती.

"पुन्हा वाच," तुळसाबाई म्हणाल्या.

त्यानं पुन्हा वाचलं. पाणी, फुंकर, नाडी, उंबरठा. "येतो."

ह्या वेळी त्यांनी डोळे मिटून ऐकलं. आणि डोळे न उघडताच मान हलवली.

"नाही. हा नाही तो."

"मावशी..."

"हा दुसऱ्या कोणाचा तरी पोट्टा आहे. चांगला आहे, मायचं ऐकणारा आहे. पण माहा नाही." त्यांनी डोळे उघडले. "माहा जातो म्हणे. लाख येळा सांगतलं तरी जातोच म्हणे. तुह्यं बरोबर आहे. नको बदलू. तसंच राहू दे."

म्हणजे भलतं दार. त्यानंच त्यांना सांगितलं होतं, चहाचा कप हातात धरून, मोठ्या तोऱ्यात. हा नियम सिद्ध करायला त्याला दोन वर्षं लागली होती, आणि आज आयुष्यात पहिल्यांदा तो खोटा ठरावा असं त्याला वाटत होतं. नियम खोटा ठरला नाही. शास्त्र फार चांगलं झालं होतं.

डोमाजींनी पुस्तक परत घेतलं. "पुढच्या पानावर 'उंबरठा'तला ठ फुटला आहे," ते म्हणाले.

संघदीप उठला. फाटक लोटलं, मोटरसायकल चालू केली आणि निघाला. पुलापाशी हायवेवर ट्रकची रांग होती म्हणून थांबावं लागलं. हैदराबादकडं जाणारे जात होते, नागपूरकडं येणारे येत होते; कोणाला येतो म्हणायचं आणि कोणाला जातो, ते तुम्ही कुठं उभे आहात त्यावर. हेसुद्धा तळटिपेत घालता आलं असतं.

तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की आपण निघताना काहीच म्हटलं नाही.

त्यानं गाडी वळवली. मागून एका ट्रकवाल्यानं त्याला जे म्हणायचं ते म्हणून घेतलं.

फाटकापाशी आला तेव्हा तुळसाबाई अजून पायरीवरच होत्या. त्याचा रिकामा ग्लास त्यांच्या हातात होता. गाडीचा आवाज फाटकाशी थांबला तशा त्या उभ्या राहिल्या, एकदम, आणि कोण आहे ते दिसल्यावर पुन्हा हळूहळू बसल्या.

"काय विसरला बे?" डोमाजींनी विचारलं.

"म्हणायचं राह्यलं."

तो पायरीपाशी येऊन उभा राहिला. काय करायचं हातांचं ते कळेना म्हणून मागं बांधले, कवितेला उभं केलेल्या पोरासारखे.

"येतो, मावशी," तो म्हणाला.

तुळसाबाई त्याच्याकडं पाहत राहिल्या. "आता तर आला नं तू."

"हो."

"मंग?"

"आल्यावरच म्हणायचं होतं."

शेळी वईतून तोंड काढून आत पाहत होती. डोमाजींनी पुस्तक मिटलं. पेन्सिल खाली मातीत होती. ती शोधायला ते वाकले, आणि ती पायाशीच होती तरी बराच वेळ वाकून राहिले.

तुळसाबाईंनी ग्लास पायरीवर ठेवला. पदर तोंडाशी नेला, मग काढला. येतो म्हटल्यावर समोरच्यानं काय म्हणायचं असतं, ते त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पोरांना शिकवलं होतं.

"ये," त्या म्हणाल्या. "ये, राजा."

झालं. जे राहिलं होतं ते म्हणून झालं, आणि आता संघदीपला खरोखरच निघायचं होतं. पण येतो तर वापरून संपला होता, आणि जातो ह्या अंगणात म्हणवणार नव्हतं. तिसरं क्रियापद त्याच्याजवळ नव्हतं. चौदा समीकरणांत ह्याची सोय नव्हती.

म्हणून तो खाली पायरीवर बसला.

बऱ्याच वेळानं तुळसाबाई उठल्या. "भाकरी टाकून राह्यली मी," म्हणाल्या. "आता जेवून..."

आणि पुढचं क्रियापद त्यांनी गिळलं, आणि आत गेल्या.